खडा पडला की पाडला?

मे २०२३ मधली गोष्ट. पहाटे तीनच्या सुमारास बाबांना डाव्या कुशीत कळ आली आणि ते पलंगाच्या कडेला उकिडवे बसले. आडवं होता येईना, उभं राहता येईना. वडोदऱ्याचा उन्हाळा, बाबांचं काम दिवसभर फिरतीचं, आणि बाहेर पाणी पिणं म्हणजे त्यांना कटकट वाटायची. सोनोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीत ६ मिलिमीटरचा खडा दिसला. डॉक्टरांनी कळ थांबवायला इंजेक्शन दिलं, मूत्रवाहिनी सैल पडावी म्हणून रोज एक गोळी लिहून दिली, तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं आणि म्हणाले, "या मापाचे बरेच खडे आपोआप पडतात. ताप आला किंवा लघवी बंद झाली तर मात्र अर्ध्या रात्री या."

आजीनं त्याच सकाळी आपलं औषध सुरू केलं. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या गॅलरीत पानफुटीची कुंडी आहे. तिची दोन पानं आणि दोन मिरे, अनशापोटी चावून खायचे. पानं सूर्य उगवायच्या आत तोडायची, हा तिचा दंडक. नवव्या दिवशी खडा पडला. ज्वारीच्या दाण्याएवढा, तपकिरी, अंगावर बारीक काटे. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला.

"बघ, पानफुटीनं पाडला," आजी म्हणाली.

मी तेव्हा एम. फार्म.ला प्रवेश घ्यायच्या तयारीत होते. माझ्या डोक्यात तेवढंच एक वाक्य राहिलं. खडा पडला हे खरं. पण पाडला कोणी? पाण्यानं, गोळीनं, पानानं, की कोणीच नाही, त्याची पडायची वेळच आली होती? बाबा एकच, खडा एकच, आणि उपाय तीन एकदम चालू. यातून उत्तर निघणं शक्य नव्हतं. प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं की मला हेच करायचंय.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "पानफुटी म्हणजे नक्की कुठली वनस्पती?" मला तो फार सोपा वाटला होता. तसा तो नाही. मुतखड्यावरच्या औषधाला आपल्याकडे सरसकट पाषाणभेद म्हणायची पद्धत आहे. हिमालयात खडकांच्या फटींत वाढणारा खरा पाषाणभेद वेगळा. बाजारात त्या नावाखाली चार-पाच निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यांत पानफुटीही येते. हिंदीत तिला पत्थरचट्टा म्हणतात, पण त्या नावानंही भलत्याच वनस्पती हातात पडतात. म्हणून आधी फांदी, पान आणि फूल घेऊन वनस्पतिशास्त्रवाल्यांकडे जायचं, दाबून वाळवलेला नमुना जमा करायचा, त्याचा क्रमांक घ्यायचा, मग पुढचं बोलायचं. आमची पानफुटी कॅलँको पिनाटा ठरली.

तिथेच मला कळलं की ही वनस्पती मूळची मादागास्करची. सुश्रुतानं अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार सांगितले, वीरतर्वादि नावाच्या औषधींच्या गणात पाषाणभेद आणि गोखरू सांगितले, पण पानफुटी त्यात नाही. ती मागाहून आली आणि घराघरातल्या कुंडीत अशी रुजली की आजीला ती तिच्या आजीइतकीच जुनी वाटते. मला यात पानफुटीचा कमीपणा वाटला नाही. बायकांनी परसात आलेलं नवं झाड चाखून, वापरून, कशावर लागू पडतं ते ठरवलं, हेही एक ज्ञानच. फक्त "पाच हजार वर्षांपूर्वीचं" असं त्याच्यावर लिहू नये.

नंतर प्राणी नीतिसमिती. प्राण्यांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, प्रयोगांचे नियम १९९८ चे. त्यांप्रमाणे प्रत्येक संस्थेत समिती असते, आणि तिच्या मंजुरीशिवाय एका उंदराला हात लावता येत नाही. मी सात गट लिहून नेले होते, प्रत्येकी सहा, म्हणजे ४२ उंदीर, कारण औषधाच्या दोन मात्रा बघायच्या होत्या. समितीतले बाहेरून आलेले एक सदस्य शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "दुसरी मात्रा वगळली तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर बदलेल का?" मी विचार केला. माझा प्रश्न पानफुटी काही करते की नाही हा होता, किती दिल्यावर किती करते हा नव्हता. मी नाही म्हटलं. बारा उंदीर तिथेच वाचले. ते गृहस्थ मला परत कधी भेटले नाहीत, पण प्रबंधाच्या सगळ्या खटाटोपात मला पडलेला सगळ्यात चांगला प्रश्न तोच.

पानं गोळा करणं हे स्वतंत्र प्रकरण झालं. आजीच्या कुंडीतून काय मिळणार! पादरा रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून पोती भरून आणली. रीतीप्रमाणे ती सावलीत वाळवायची, भुकटी करायची, अर्क काढायचा. मी वरच्या मजल्यावर वर्तमानपत्रांवर पसरून ठेवली. तीन दिवसांनी बघितलं तर पानं तशीच मांसल. आठव्या दिवशी तर पानांच्या कडांवर, प्रत्येक खाचेत, हिरवे ठिपके आले. जवळ जाऊन पाहिलं. एकेका ठिपक्याला दोन इवलीशी पानं आणि खाली केसांसारखी पांढरी मुळं फुटली होती. पान तुटलेलं, पाणी नाही, माती नाही, खाली छापील कागद, आणि ते वाळायचं सोडून पोरं काढत बसलेलं! पानफुटी हे नाव मी लहानपणापासून ऐकत होते, त्याचा अर्थ त्या दिवशी डोळ्यांना दिसला.

वाळवण्याचा नाद सोडला. आजी ताजं पान देते, तर आपणही ताजा रस घ्यावा, असं ठरलं. रस काढायचा, मलमलीतून गाळायचा आणि फ्रीझ ड्रायरमध्ये थंडीतच त्यातलं पाणी उडवायचं. आता प्रश्न आला, पानं तोडायची कधी?

इथे आजीचा दंडक मी पहिल्यांदा गंभीरपणे घेतला. तिला विचारलं, "सूर्य उगवायच्या आतच का गं?" ती म्हणाली, "अगं, सकाळी आंबट असतात. दुपारी चव जाते. चव गेली की गुण गेला." मी त्याच झाडाची पानं सकाळी सहाला आणि दुपारी चारला तोडून दोन्हींच्या रसात आंबटपणा दाखवणारा पीएच पेपर बुडवला. सकाळचा केशरी झाला, म्हणजे जास्त आंबट, दुपारचा पिवळट हिरवा. मी दोन्ही पट्ट्या वहीत चिकटवल्या, अजून आहेत. मग वाचताना सापडलं की हिंदुस्थानात काम करणारे बेंजामिन हेन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ नेमकं हेच पान चाखून दोनशे वर्षांपूर्वी हेच लिहून गेलेत, त्यांची नोंद १८१५ साली छापली गेली. ही झाडं पाणी वाचवण्यासाठी दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात, रात्री उघडतात, आणि रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा उजेडात ते आम्ल वापरून टाकतात. म्हणून पहाटे आंबट. शिवाय या पानांत सायट्रिकच्या भावकीतली आम्लंही असतात, आणि लघवीतलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे ते ऑक्झलेटच्या हाती कमी लागतं, हे तर डॉक्टरही मानतात. पोटॅशियम सायट्रेटचं औषध त्यासाठीच देतात. आजीचा दंडक मी प्रबंधाच्या पद्धतीत जसाच्या तसा उतरवला: पानं सूर्योदयापूर्वी तोडली.

आधी विषारीपणाची चाचणी. तीन मादींना, मग आणखी तीन मादींना, वजनाच्या किलोमागे २००० मिलिग्रॅम अर्क. चौदा दिवस नजर ठेवायची. सगळ्या धडधाकट राहिल्या. तरीही मी निर्धास्त नव्हते, कारण पानफुटीच्या जातीत हृदयावर काम करणारी बुफाडायनोलाइड नावाची द्रव्यं असतात आणि ही झुडपं खाऊन गुरं दगावल्याचं पशुवैद्यांना माहीत आहे. घरगुती आहे म्हणून निर्धोक, हे मी त्या दिवसापासून म्हणायचं सोडलं.

मुख्य प्रयोग ऑगस्टमध्ये सुरू झाला. तीस नर विस्टार जातीचे उंदीर, पांढरे, लाल डोळ्यांचे, १८० ते २२० ग्रॅमचे. नरच, कारण मादीत खडे तितके धरत नाहीत. पाच गट केले. पहिला निरोगी, साधं पाणी. बाकीच्या चारही गटांच्या पिण्याच्या पाण्यात ०.७५ टक्के इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे लिटरला साडेसात मिलिलिटर, २८ दिवस. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात तेच हे द्रव्य. चवीला गोड, त्यामुळे उंदीर पितात. यकृतात त्याचं पायरीपायरीनं ऑक्झलिक आम्ल होतं, ते मूत्रपिंडात कॅल्शियमला भेटतं, आणि स्फटिक धरतात. दुसऱ्या गटाला फक्त हेच. तिसऱ्याला बाजारात मिळणारं मुतखड्याचं औषध सिस्टोन, तुलनेसाठी. चौथ्याला पहिल्या दिवसापासून पानफुटी, खडा होऊ नये म्हणून. पाचव्याला पंधराव्या दिवसापासून, झालेल्या खड्यावर. म्हणजे आजीचं वाक्य सर्वात जास्त पणाला लागलं होतं ते पाचव्या गटात.

डोस द्यायचा म्हणजे टोकाला गोळी असलेली वाकडी सुई तोंडातून सरळ जठरात उतरवायची. २०० ग्रॅमच्या उंदराला ८० मिलिग्रॅम अर्क, एक मिलिलिटर पाण्यात. उंदराला मानेच्या कातडीला धरून उभा करायचा, डोकं आणि पाठ एका रेषेत, सुई टाळूवरून मागे सरकवायची, आणि तो स्वतः गिळतो त्या क्षणी ती आपोआप खाली जाते. जोर लावायचा नाही. प्राणीगृहातले काका तीस वर्षं हे काम करत होते. ते मला रोज सांगत, "बेन, हाथ ढीलो राखो." चौथ्या दिवशी मी हात ढिला ठेवला नाही. चौथ्या गटातला तिसरा उंदीर तडफडला, मला वाटलं नुसताच विरोध करतोय, आणि मी दट्ट्या दाबला. औषध फुप्फुसात गेलं. तो माझ्या हातातच गेला. नाकातून फेस आला, पाय दोनदा ताणले, मग अंग सैल पडलं. काकांनी तो माझ्या हातातून घेतला, काही बोलले नाहीत, बाकीच्यांचे डोस त्या दिवशी त्यांनीच दिले. मी घरी जाऊन जेवले नाही. मॅडमना संध्याकाळी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "नोंदवहीत लिही. कारणही लिही. तुझ्या चुकीनं मेला, औषधानं नाही, हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे." प्रबंधात चौथ्या गटात पाच उंदीर आहेत आणि सहाव्याचं काय झालं तेही आहे.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. २०२४ चा तो पूर वडोदऱ्यातलं कोणी विसरणार नाही. रस्त्यांवर मगरी, घरांत कमरेएवढं पाणी. आमच्याकडे दिवे गेले, मोबाइल बंद पडले, आणि दोन दिवस मला कॉलेजपर्यंत पोहोचताच आलं नाही. प्रयोगाचा सतरावा आणि अठरावा दिवस. पाणी उतरल्यावर चिखल तुडवत गेले तर तळमजल्यावर गुडघाभर गाळ, आणि सगळे पिंजरे वरच्या मजल्यावरच्या वर्गात बाकांवर रांगेनं मांडलेले. काकांनी एकट्यानं रात्रीतून वर नेले होते. गटांची एकही चिठ्ठी उलटसुलट झाली नव्हती, बाटल्या भरलेल्या होत्या. स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं असताना हा माणूस माझे उंदीर सांभाळत होता. दोन दिवसांचे डोस मात्र कोणालाच मिळाले नाहीत. तेही लिहिलं.

मूत्र गोळा करायला मेटाबोलिक पिंजरे असतात, खाली नरसाळं, लेंड्या एकीकडे आणि लघवी दुसरीकडे. चोवीस तास एकेक उंदीर त्यात ठेवायचा. भांड्यात आधी हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा, नाहीतर कॅल्शियम आणि ऑक्झलेट तळाशी बसतात आणि मापात येत नाहीत. त्या रात्री मी तिथेच थांबायचे. उंदीर रात्रीचे जागे. एकेका थेंबाचा आवाज यायचा.

एकोणतिसाव्या दिवसाबद्दल थोडक्यात लिहिते. भूल, रक्त, मग मूत्रपिंडं. निरोगी गटाची मूत्रपिंडं गडद लाल, गुळगुळीत, चवळीच्या दाण्यासारखी घाटदार. दुसऱ्या गटाची फिकट, सुजलेली, वरून खरबरीत. एक एक फॉर्मॅलिनमध्ये टाकत गेले. उंदीर संपले तेव्हा काकांनी पिंजरे धुवायला घेतले आणि मी बाहेर पायरीवर बसून राहिले.

पंधरवड्यानं काचपट्ट्या तयार होऊन आल्या. साध्या प्रकाशात गुलाबी-जांभळा छेद, नळ्या फुगलेल्या. मॅडमनी ध्रुवित प्रकाशाची पट्टी फिरवली आणि सगळा छेद काळा पडला, आणि त्या काळोखात स्फटिक पेटले. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर चणियाचोळीवरची आभली, म्हणजे बारीक आरसे, जशी दिव्याखाली लखलखतात, तसे. दुसऱ्या गटाच्या छेदात ते जिकडेतिकडे होते. कॅल्शियम ऑक्झलेट प्रकाशाला असं वळवतं, म्हणून ते लपत नाही.

चौथ्या गटाची पट्टी लावली. काळोख जास्त, आभली थोडी. मी पाचही उंदरांच्या पट्ट्या बघितल्या, मग कुणाची कुठली हे माहीत नसलेल्या एका मैत्रिणीला बघायला लावल्या. तिनं दिलेले गुणही तेच सांगत होते. या गटात लघवीचं प्रमाण वाढलं होतं, लघवीतलं ऑक्झलेट दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं, मूत्रपिंड बिघडलं की रक्तात चढणारं क्रिएटिनिन कमी वाढलं होतं. सिस्टोनचा गट त्याहूनही बरा होता.

आणि पाचवा गट? दोन उंदीर चांगले, एक मध्यम, तीन दुसऱ्या गटासारखेच. संख्याशास्त्रानं कौल दिला नाही. पुराचे दोन दिवस याच गटाला सर्वात जास्त भोवले असतील, औषध चालू होऊन दोनच दिवस झाले होते. पण ते कारण पुढे करून मी उत्तर माझ्या बाजूला ओढणार नव्हते. कॅल्शियम ऑक्झलेटचा झालेला खडा औषधानं विरघळतो असं वैद्यकात अजून सिद्ध झालेलं नाही, युरिक ॲसिडचा विरघळवता येतो, आणि माझ्या प्रयोगानंही पानफुटीला ते श्रेय दिलं नाही. आधीपासून दिली तर खडा कमी धरतो, एवढं तिच्या पदरात पडलं. तेही उंदरात. उंदराला आपण विष पाजून दोन आठवड्यांत स्फटिक भरतो; माणसाचा खडा वर्षानुवर्षं मूत्रपिंडाच्या टोकांवरच्या कॅल्शियमच्या डागावर वाढतो, रँडॉल या अमेरिकी डॉक्टरांनी १९३७ साली दाखवला तो डाग. शिवाय चौथ्या गटाला लघवी जास्त झाली, म्हणजे नुसत्या पाण्यानंही यातलं बरंचसं साधलं असतं का, हा प्रश्न उरतोच. पुन्हा करायची संधी मिळाली तर मी तो आधी सोडवीन.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पाचव्या गटावर बोट ठेवलं, "हे नकारात्मक आहे, मग लिहिलं कशाला?" मी म्हटलं, "सर, घरात आजारी माणसाला पान दिलं जातं ते खडा झाल्यावरच. लोकांचा प्रश्न हाच गट विचारतो." त्यांनी पान उलटलं.

आजीला निकाल सांगायला मला दोन दिवस लागले. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, पहाटेच्या आंबटपणाचं खरं निघालं तेही, पाचव्या गटाचंही. तिनं विचारलं, "म्हणजे तुझ्या बाबांचा मी नाही पाडला?"

"सांगता येत नाही गं. पडला एवढंच खरं."

ती जरा वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "आणि उंदीर किती गेले?"

"छत्तीस. विषाच्या चाचणीतले धरून."

तिनं सूप खाली ठेवलं आणि हात जोडले. देवघराकडे नाही, नुसतेच.

बाबा आता रक्तदाबाची आणि हृदयाची गोळी घेतात. त्यांना पानफुटी द्यायची नाही, हे मी तिला बुफाडायनोलाइडचं सगळं समजावून सांगितलंय आणि तिनं ते मानलंय. गल्लीतलं कोणी पथरीसाठी पानं मागायला आलं तर ती आधी विचारते, ताप आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, सोनोग्राफी केली का. मग मला हाक मारते. बाबांच्या टेबलावर दोन लिटरची बाटली असते आणि रात्री झोपायच्या आधी ती रिकामी झाली का, ते ती बघते.

वर्तमानपत्रावर फुटलेल्या त्या पोरांपैकी सहा मी फेकली नव्हती. पूर ओसरल्यावर काकांनी ती प्राणीगृहाच्या दाराशी, गाळातच लावली. परवा गेले होते तेव्हा गुडघ्याएवढी झाली होती. सकाळचे सात वाजले होते. मी एक पान तोडून कोपरा चावला. आंबट होतं.